छेदातली एक चौकट: ऊर्जामापन प्रणालीचे चौदा महिने

आमच्या अंधेरीच्या कार्यालयीन इमारतीत गेल्या वर्षी बसवलेल्या ऊर्जामापन प्रणालीची वर्गणी या महिन्यात संपत असून नूतनीकरणाचे पत्र टेबलावर येऊन पडले आहे, म्हणून हा अनुभव लिहितो. फीडरवरचे (म्हणजे एकेका भागाकडे किंवा यंत्राकडे जाणाऱ्या वीजवाहिनीवरचे) मीटर, त्यांचे आकडे पुढे पाठवणारा गेटवे आणि ते पडद्यावर दाखवणारा डॅशबोर्ड ही रचना सगळ्याच कंपन्यांची थोड्याफार फरकाने सारखी असल्यामुळे तिचे वर्णन करत नाही. इमारतीची देखभाल माझ्याकडे असल्याने मला हवा होता तो एकच आकडा, तो म्हणजे ईपीआय: वर्षभरात दर चौरस मीटरमागे खर्च झालेली युनिटे. केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २००९ मध्ये सुरू केलेल्या इमारतींच्या तारांकनाच्या ज्या पट्ट्या या डॅशबोर्डमध्ये भरलेल्या आहेत, त्यांनुसार उष्ण-दमट हवामानातल्या, निम्म्याहून अधिक वातानुकूलित अशा दिवसा चालणाऱ्या कार्यालयाला २०० ते १७५ या पट्ट्यात एक तारा मिळतो, पुढे दर २५ युनिटांमागे एकेक तारा वाढत जातो आणि १०० च्या खाली पाच तारे मिळतात.

पहिल्याच तिमाहीत डॅशबोर्डने आमचा वार्षिक अंदाज ९२ दाखवला. म्हणजे पाच तारे! वरिष्ठांनी अभिनंदन केले, मीही ते स्वीकारले, आणि ही माझी पहिली चूक होती. कारण चिलर, म्हणजे वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारे यंत्र, आमचा जुना आहे आणि पश्चिमेची सगळी भिंत काचेची आहे, हे मला त्या यंत्रापेक्षा अधिक चांगले ठाऊक होते.

सातव्या महिन्यात वीजबिल ७५,००० युनिटांचे आले आणि सर्व फीडरांची बेरीज ५७,००० भरली. मुख्य पुरवठ्यावर, म्हणजे इन्कमरवर, वेगळा मीटर असता तर ही तफावत पहिल्याच महिन्यात दिसली असती. परंतु तो मीटर खर्च वाचवण्यासाठी मीच दरपत्रकातून वगळायला लावला होता, हेही येथे नोंदवले पाहिजे. तक्रार केली तेव्हा ‘बिलाच्या मीटरमध्ये आणि आमच्या मीटरमध्ये थोडा फरक राहतोच’ असे उत्तर आले. २४ टक्के हा थोडा फरक कोणत्या हिशेबाने, हे तीन तक्रार क्रमांक घेऊनही कोणी सांगितले नाही. अखेर आमच्याच इलेक्ट्रिशियनने पॅनल उघडले. चिलरच्या फीडरवर तीन फेजांना तीन सीटी, म्हणजे तारेतला प्रवाह मोजून मीटरला कळवणारे ट्रान्सफॉर्मर, आहेत; त्यांपैकी मधला उलटा बसवलेला होता. त्याची पी-वन लिहिलेली बाजू पुरवठ्याकडे असायला हवी होती, ती भाराकडे होती. त्यामुळे एका फेजची वीज बेरजेत येण्याऐवजी वजा होत होती आणि चिलर महिन्याला २७,००० युनिटे खात असताना ९,००० दाखवत होता. दुरुस्ती दहा मिनिटांची होती: भार बंद करायचा आणि त्या सीटीच्या मीटरकडे जाणाऱ्या एस-वन, एस-टू या तारांची अदलाबदल करायची. (भार चालू असताना सीटीच्या तारा मोकळ्या सोडायच्या नसतात, तिथे घातक व्होल्टेज तयार होते, एवढे शहाणपण आमच्या माणसाकडे होते.) नंतर आलेल्या सर्व्हिस इंजिनिअरने मागचे आकडे सुधारून दिले आणि भेटीचे शुल्क मागितले, कारण हमी मीटरची आहे, जोडणीची नाही. जोडणी त्यांच्याच माणसाने केली होती. ते शुल्क मी आजवर भरलेले नाही.

सुधारित आकडा १२१ आला, म्हणजे चार तारे, आणि तोही मला पटला.

खरी चीड त्यानंतरची आहे. वर्ष पूर्ण झाल्यावर तारांकनाच्या अर्जासाठी मंजूर नकाशे काढून बसलो, तेव्हा डॅशबोर्डमधले क्षेत्रफळ ७,४०० चौरस मीटर असल्याचे दिसले. ते विक्री प्रतिनिधीने इमारतीच्या माहितीपत्रकावरून उतरवले होते आणि त्यात तळघरातले व स्टिल्टमधले १,८०० चौरस मीटर पार्किंगही होते. तारांकनाच्या हिशेबात पार्किंग धरत नाहीत. वर्षाच्या ८,९६,००० युनिटांना ५,६०० ने भागले की १६० येतात आणि तारे दोन उरतात.

अंशाची काळजी घ्यायला या प्रणालीत चोवीस मीटर आहेत, दर पंधरा मिनिटांची नोंद आहे, दशांशानंतरचे दोन आकडे आहेत. छेदाला मात्र सेटिंगच्या तिसऱ्या पानावरची एक चौकट, जिच्यात कोणीही काहीही लिहावे. मी मुद्दाम ९,००० लिहून पाहिले. कोणताही प्रश्न न विचारता, कोणी कधी बदल केला याची नोंदही न ठेवता, त्याच विजेवर पडद्यावर पाच तारे उमटले. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे पोर्टफोलिओ मॅनेजर हे मोफत साधनसुद्धा पार्किंगची नोंद स्वतंत्रपणे मागते, आणि ऑस्ट्रेलियाच्या नेबर्स या तारांकन पद्धतीत क्षेत्रफळ व कामाचे तास मान्यताप्राप्त परीक्षक तपासतो. येथे वर्गणी घेणाऱ्या कंपनीला ‘यात पार्किंग आहे का?’ एवढा प्रश्न छापता आला नाही. पाणी आणि कचऱ्याचीही पाने आहेत, पण त्यांत आकडे हाताने भरावे लागत असल्याने त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

एवढे झाल्यावर वर्गणी बंद करायचे जवळजवळ ठरले होते. पण गेल्या महिन्यात, तक्रारीसाठी पुरावे जमवताना, रविवारी पहाटे तीनचा आलेख पाहिला. चिलर बंद, इमारत रिकामी, आणि थंड पाण्याचा पंप मात्र ११ किलोवॅटवर सरळ रेषेत चालू. खाली जाऊन पाहिले तर प्रणाली बसण्याआधीच्या कुठल्यातरी दुरुस्तीनंतर त्याचा सिलेक्टर स्विच ‘मॅन्युअल’वरच राहिला होता, आलेखात मागे गेलो तर ती रेषा पहिल्या दिवसापासून तशीच होती. रात्रींचे आणि रविवारांचे तास धरले तर महिन्याला पावणेपाच हजार युनिटे नुसते पाणी फिरवण्यात जात होती. बिलावरून हे मला कधीच कळले नसते. सगळे तसेच चालले तर पुढच्या वर्षी ईपीआय दीडशेच्या काठावर येईल, कदाचित किंचित खाली, आणि तिसरा तारा तिथेच सुरू होतो.

म्हणून वर्गणी भरत आहे, मात्र एकाच वर्षाची; तीन वर्षांच्या सवलतीचा प्रस्ताव परत पाठवला आहे. इन्कमरवरचा मीटर या वेळी मागवला असून त्याची जोडणी आमचा इलेक्ट्रिशियन करणार आहे. क्षेत्रफळाच्या चौकटीला कुलूप लावण्याची मागणी लेखी केली आहे, आणि तिला चौथा तक्रार क्रमांक मिळाला आहे.