खाऱ्या वाऱ्यात इलेक्ट्रिक केटल: एक दुरुस्त केली, एक नवी घेतली, दोन्ही वापरून झालेलं मत

केटल बंद पडली की आधी एकच बघावं: बटण दाबल्यावर दिवा लागतो का? दिवा लागतो पण पाणी गारच राहतं, तर वीज तळापर्यंत पोचते आहे आणि बहुधा हीटरची कॉइल तुटली आहे. दिवाच लागत नसेल तर दोष बहुतेक वेळा कॉइलच्या अलीकडे असतो: प्लग, वायर, स्टँड, मधला गोल कनेक्टर किंवा स्विच. कॉइल गेली असेल तर मी नवी घेईन, नाहीतर दुरुस्तीच करीन. गेल्या गणपतीपासून एक दुरुस्त केलेली आणि एक नवी अशा दोन्ही केटल आमच्याकडे रोज चालू आहेत, त्यावरून हे मत झालं आहे.

आमचं घर देवबागला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. पाहुण्यांच्या खोल्यांमध्ये केटल लागतेच, आणि सासूबाईंना पहाटे गरम पाणी हवं असतं. घाटावरून येणारे पाहुणे सांगतात की त्यांच्याकडे केटल क्षारांनी खराब होते, तळाला पांढरा थर बसतो. कोकणात जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुतेक ठिकाणी हलकं असतं, त्यामुळे हा थर फारसा धरत नाही. इथे केटलवर घाव पडतो तो बाहेरून. खारी दमट हवा स्टँडच्या आत शिरते, पितळी पट्ट्या आधी काळ्या पडतात, मग हिरव्या. म्हणजे बिघाड बहुतेक वेळा पाण्याच्या बाजूला नसतो, कोरड्या बाजूला असतो, आणि कोरड्या बाजूचं जवळजवळ सगळं बदलता येतं. म्हणून मला वाटतं की किनाऱ्यावरच्या माणसाने केटल भंगारात टाकण्याआधी ती एकदा उघडून बघितलीच पाहिजे.

आमची जुनी केटल साधी स्टीलची, दीड लिटरची, 1500 वॅटची. ती स्टँडवर जरा फिरवली की चालू व्हायची, हात काढला की बंद. गावातल्या वायरमनने ती उलटी केली, स्क्रू काढले आणि म्हणाला, "वयनी, किटली बरी आसा. खालचो कनेक्टर जळलोहा. नवी कित्याक व्हयी?" त्याने मल्टिमीटर लावून दाखवलं. 230 व्होल्टवर 1500 वॅटच्या कॉइलचा रोध साधारण 35 ओहम भरायला हवा, आणि तेवढाच भरला. कॉइलची टोकं आणि स्टीलची बॉडी यांच्यात काहीच दाखवत नव्हतं, म्हणजे करंट बॉडीत उतरत नव्हता. या दोन गोष्टी ठीक असल्या तर केटलचा मुख्य जीव शाबूत आहे असं समजायला हरकत नाही.

कनेक्टर का जळतो तेही समजून घेण्यासारखं आहे. 1500 वॅटची केटल साडेसहा अँपिअर ओढते. पट्टीवर गंज चढला की तेवढा करंट नीट पुढे जात नाही, तिथे उष्णता तयार होते, उष्णतेने गंज आणखी वाढतो आणि शेवटी प्लास्टिक वितळतं. नुसतं घासून तात्पुरतं काम होतं, पण डाग पडलेली पट्टी पुन्हा जळते. आम्ही कनेक्टरचे दोन्ही भाग, केटलच्या तळाचा आणि स्टँडमधला, जोडीनेच बदलले. हे जोडीनेच घ्यावेत, कारण दिसायला सारखे असले तरी वेगवेगळ्या बनावटींचे भाग एकमेकांत घट्ट बसत नाहीत. कुडाळच्या दुकानात ही जोडी, स्विचसकट, दोनशेच्या आत मिळाली. मजुरी धरून सगळा खर्च नव्या केटलच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी झाला.

स्विचबद्दल थोडं सांगते, कारण मेकॅनिककडे नेमकी इथेच गडबड होते. पाणी उकळलं की वाफ आतल्या वरच्या फटीतून मुठीत किंवा नळीत शिरते आणि दोन धातूंच्या एका छोट्या चकतीवर येते. ती चकती तापली की टचकन उलटी वळते आणि बटण पाडते. म्हणून झाकण उघडं राहिलं तर केटल आपोआप बंद होत नाही, आणि त्यात केटलचा काही दोष नसतो. तळाशी अशाच चकत्यांचं दुसरं संरक्षण असतं. पाणी नसताना चालू झाली तर ते वीज तोडतं. या कंट्रोलसाठी आयल ऑफ मॅन बेटावरची स्ट्रिक्स ही कंपनी जगभर प्रसिद्ध आहे, आणि तशाच धर्तीचे भाग आपल्याकडच्या बाजारातही येतात. कोणी मेकॅनिक "थर्मोस्टॅट काढून डायरेक्ट करून देतो" म्हणाला, म्हणजे हे कंट्रोलच काढून वीज थेट कॉइलला जोडणार असेल, तर केटल तशीच परत आणा. डायरेक्ट केलेली केटल सुकी राहिली तर तिला थांबवणारं काहीच उरत नाही. घरात म्हातारी माणसं, मुलं, पाहुणे असतील तर हा धोका पत्करण्याचा प्रश्नच येत नाही.

अख्खा पावसाळा, मेमधला उकाडा, दिवसातून चार-पाच वेळा वापर, एवढ्यातून ही दुरुस्त केटल गेली आहे. भरलेली असली तर सहा मिनिटांच्या आसपास उकळते. हिशेबाने एका वेळेला साधारण सातवा हिस्सा युनिट लागतं. बटण आधीपेक्षा किंचित कडक लागतं, पण बंद दर वेळी वेळेवर होते. स्टँड खिडकीपासून लांब फळीवर ठेवतो आणि आठवड्यातून एकदा, प्लग काढून, कोरड्या फडक्याने पुसतो. बाहेरून स्टीलवर तांबूस ठिपके येतात, ते पुसून जातात.

दुसऱ्या खोलीतल्या केटलची गोष्ट वेगळी. ती लावली की घरातला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडायचा. म्हणजे कॉइलमधून करंट बॉडीकडे गळत होता. या केटलमध्ये कॉइल तळाच्या पत्र्याला खालून कायमची जोडलेली असते, सुटी बदलता येत नाही. तिथे दुरुस्तीचा विषय संपतो. तळाच्या सांध्यातून पाणी गळत असेल किंवा आतल्या पत्र्याला सुईने टोचल्यासारखे खड्डे पडले असतील तरी हेच. खड्डे पडतात ते मचूळ पाण्याने. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात, आणि मिठातला क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही पोखरतो. तेव्हा केटलमध्ये पिण्याचंच पाणी घाला आणि रात्रभर त्यात पाणी ठेवू नका. थोडा थर धरलाच तर किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक अ‍ॅसिड चमचाभर घालून पाणी उकळा, अर्धा तास ठेवा, मग दोनदा साधं पाणी उकळून ओतून टाका. पितळेला आमसूल लावायची आपली सवय चांगली आहे, पण केटलमध्ये कोकमाचं आगळ घालू नका, त्यात मीठ असतं.

नवी आम्ही दुहेरी भिंतीची घेतली, आत स्टील, बाहेर प्लास्टिक. बाहेरून चटका बसत नाही, हा पाहुण्यांच्या लहान मुलांसाठी खरा फायदा आहे, आणि गंजाचे ठिपकेही दिसत नाहीत. पाणी उकळायला वेळ तेवढाच. सुरुवातीचे काही दिवस प्लास्टिकचा वास आला, नंतर गेला. प्लग जाड पिनांचा 16 अँपिअरचा आला. खोलीतला पॉइंट 6 चा होता, तो आम्ही बदलून घेतला. मधे कन्व्हर्जन प्लग लावून चालवू नका, तोच वितळतो.

या नव्या केटलबद्दल नाराजी एकच, पण मोठी. तळाचे स्क्रू तीन पात्यांच्या खाचेचे आहेत, साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडत नाहीत, आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर थेट कोल्हापूरला. हजार-बाराशेच्या वस्तूसाठी घाट कोण चढणार? सुटा कनेक्टर मिळेल का म्हणून फोन केला तर "पूर्ण केटल घेऊन या" एवढंच उत्तर. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्याचा उपयोग खेड्यातल्या केटलपर्यंत पोचावा असं मला मनापासून वाटतं. वॉरंटीत असूनही कोणी टोलवाटोलवी केली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

पुढच्या वेळी घेताना मी दुकानातच केटल उलटी करून बघणार आहे: स्क्रू साधे आहेत का, आयएसआय मार्क आहे का, कनेक्टर नेहमीच्या बनावटीचा आहे का. दोन्हींतली एकच सुचवायची तर देवबाग, तारकर्ली, वेंगुर्ल्याकडच्या घरांना मी साधी, एकेरी भिंतीची, साध्या स्क्रूंची स्टीलची केटलच सुचवीन. आरसीसीबी पाडणाऱ्या त्या केटलची वायर आणि स्टँड वायरमनने ठेवून घेतले आहेत, शेजारच्या एका घरी ते बसण्यासारखे आहेत.