बॅटरीच्या ब्रॅकेटचा बोल्ट : कंपनीचा घ्यावा की नागदेवीचा?

गाडीची बॅटरी काढताना ती जागेवर धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचा बोल्ट हातून निसटून इंजिनाखाली कुठेतरी हरवला, किंवा ॲसिडच्या वाफांनी गंजून त्याचे डोकेच तुटले, की मुंबईत दोन रास्त पर्याय उरतात : कंपनीचा मूळ बोल्ट मागवणे, नाहीतर मशीद बंदर स्थानकावर उतरून नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारातून तसाच बोल्ट आणणे. मी दोन्ही करून पाहिले आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे भागही मिळतात. परंतु ॲसिडशेजारी राहून आधीच झिजलेला बोल्ट पुन्हा तेथेच लावणे मला पटत नाही.

नागदेवीला जाताना तुटलेला तुकडा सोबत न्यावा. माझ्या गाडीचा बोल्ट एम ६ चा, म्हणजे ६ मिलिमीटर व्यासाचा आणि १ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा होता; दुकानदाराने नट फिरवून ते क्षणात ओळखले आणि डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा दर्जा कोरलेला नवा बोल्ट अगदी थोड्या पैशांत दिला. येथे एक सावधगिरी हवी. दोन सुती, म्हणजे पाव इंची बोल्ट वरवर एम ६ सारखाच दिसतो, मात्र त्याचा व्यास ६.३५ मिलिमीटर असून आटेही वेगळे असतात. मजबुतीच्या दृष्टीने योग्य मापाचा ८.८ चा बोल्ट या कामाला पुरेसा आहे, असे माझे मत आहे.

तरीही माझा निर्णय फिरला तो बोल्टच्या टोकामुळे. माझ्या गाडीत बोल्ट ज्या नटात बसतो तो बॅटरीखालच्या ट्रेच्या खालून वेल्ड केलेला आहे आणि वरून मुळीच दिसत नाही. मूळ बोल्टच्या टोकाशी आटे नसलेला निमुळता भाग असतो, जो आपसूक नटाचे भोक शोधतो. नागदेवीच्या बोल्टचे टोक सपाट होते. इमारतीच्या पार्किंगमध्ये मी तो चाचपडतच लावला, दोन फेऱ्यांनंतर घट्ट वाटला म्हणून १० नंबरचा पाना लावला, आणि बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांत लोखंडाचा चकचकीत कीस अडकलेला होता. बोल्ट तिरका चढला होता. गॅरेजमध्ये टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) फिरवून नटाचे आटे सुदैवाने सावरले. तो नट पत्र्यापासून सुटला असता तर ट्रेचेच काम निघाले असते.

त्यानंतर मी कंपनीचा बोल्ट मागवला. काउंटरवर प्रथम पूर्ण ब्रॅकेटच पुढे करण्यात आला, चॅसी नंबरावरून सुट्या बोल्टचा पार्ट नंबर शोधायला लावावा लागला आणि वर चार दिवस थांबावे लागले. ही गैरसोय लहान नाही, विशेषतः गाडी रोज लागणाऱ्यांसाठी. पण तो बोल्ट हाती आल्यावर केवळ बोटांनी शेवटपर्यंत फिरला, पाना फक्त अखेरच्या आवळणीपुरता लागला.

ज्यांच्या गाडीत बॅटरी टोकाशी आकड्यासारखा वाकवलेल्या लांब बोल्टने धरलेली आहे आणि नट वरच्या बाजूला डोळ्यांसमोर आहे, त्यांनी मात्र चार दिवस वाट पाहण्याचे कारण मला दिसत नाही. नागदेवी त्यांना पुरेशी आहे. नट ट्रेखाली दडलेला असेल तर मी कंपनीचाच सुचवेन, आणि मागवताना दोन मागवावेत. माझा दुसरा बोल्ट ग्रीस लावून, छोट्या पिशवीत बांधून गाडीच्या कप्प्यात ठेवला आहे.