१००० हॉर्सपॉवरच्या फॉक्स बॉडी मस्टँगचं सेफ्टी सामान: काय घ्यावं, कसं बसवावं

१९७९ ते १९९३ ची फॉक्स बॉडी मस्टँग अमेरिकेत ड्रॅगसाठी (सरळ पट्ट्यावरच्या वेगाच्या शर्यतीसाठी) सर्रास घेतली जाते. गाडी हलकी, सुटे भाग भरपूर आणि टर्बो लावलेलं ५.३ लिटर एलएस इंजिन बॉनेटखाली नीट बसतं. ड्रायव्हरसकट वजन ३,२०० पौंड आणि ताकद १००० हॉर्सपॉवर धरली, तर क्वार्टर माईल साधारण ८.६ सेकंदांत जाते आणि शेवटी वेग ताशी १५८ मैलांच्या आसपास असतो. हा हिशोब झाला की इंजिनची ऑर्डर बाजूला ठेवून आधी एनएचआरएचं (अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या संस्थेचं) नियमपुस्तक उघडावं. ९.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळेला रोल केज (गाडीच्या आत बसवलेला पोलादी नळ्यांचा पिंजरा), चासीचं सर्टिफिकेशन आणि कॉम्पिटिशन लायसन्स लागतं. ताशी १५० मैलांपासून पुढे पॅराशूट आलंच.

एसएफआय ही रेसिंगच्या सेफ्टी सामानाचे दर्जे ठरवणारी संस्था. तिचा टॅग एवढंच सांगतो की त्या नमुन्याची वस्तू चाचणीत टिकली. ती तुमच्या गाडीत कुठे, कोणत्या कोनात आणि कशाला बांधली, हे टॅगला कळत नाही. म्हणून या परीक्षणात वस्तूइतकंच तिच्या बसवण्याकडे पाहिलं आहे.

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा केजला द्या. एस अँड डब्ल्यू रेस कार्ससारख्या कंपन्यांची वाकवून तयार असलेली वेल्ड-इन टेन-पॉइंट किट मिळतात आणि या गाडीसाठी तीच घ्यावीत. घरी बेंडर नसलेल्याने नळ्या वाकवायच्या भानगडीत पडू नये. पर्याय दोन आहेत. माइल्ड स्टीलची नळी १.६२५ इंच व्यासाची असते. नियम ०.११८ इंच जाडी मागतो, पण किटमध्ये बहुधा ०.१३४ येते, कारण बाकाच्या बाहेरच्या अंगाला धातू ताणून पातळ होतो. ४१३० क्रोमोली या मिश्र पोलादाला ०.०८३ इंच पुरते आणि फूटमागे वजन सुमारे ३६ टक्के कमी भरतं. मात्र क्रोमोली फक्त टिग वेल्डिंगनेच जोडायची, माइल्ड स्टीलला मिगही चालतं. टिगवर हात बसलेला वेल्डर नसेल तर माइल्ड स्टील घ्या आणि तेवढं वजन दुसरीकडून कमी करा.

किटमध्ये न येणारी गोष्ट म्हणजे वरचे सांधे. मेन हूप (ड्रायव्हरच्या मागची मोठी कमान) छताला इतका लागून असतो की नळीच्या वरच्या बाजूला वेल्डिंगची टॉर्च पोहोचत नाही आणि सांधा तीन बाजूंनीच भरला जातो. यावर जुना, खात्रीचा उपाय आहे. हूपच्या पायांखाली फ्लोअरला भोकं पाडायची, केज टॅक करून (टिपक्यांनी तात्पुरता जोडून) काही इंच खाली सोडायचा, वरचे सांधे पूर्ण गोल भरायचे, मग केज वर उचलून पायांखाली प्लेट जोडायच्या. एका दिवसाचं काम वाढतं, पण ते टाळू नये. पाय नुसत्या पत्र्याच्या फ्लोअरला लावले तर गाडी उलटल्यावर ते पत्रा फाडून खाली जातात. रॉकर सिलवर (दाराखालच्या मजबूत पट्टीवर) ०.१२५ इंच जाडीची प्लेट घालून तिथे जोडा आणि पुढची-मागची चौकट जोडणाऱ्या सबफ्रेम कनेक्टरलाही बांधून घ्या. हूप हेल्मेटच्या वर किमान ३ इंच हवा आणि डोक्यापासून ६ इंचांच्या आत. ही मापं ड्रायव्हरला हेल्मेट घालून, त्याच्या खऱ्या सीटवर बसवूनच घ्यायची. डोकं लागू शकेल तिथे एसएफआय ४५.१ चं कडक पॅडिंग लावा. साधा मऊ फोम इथे कुचकामी आहे. वेल्ड घासून गुळगुळीत करू नका, इन्स्पेक्टर ते पास करत नाही.

सीट ॲल्युमिनियमची घ्या. तळाला चार बोल्ट आणि पाठीला किमान एक, तोही केजच्या आडव्या नळीत. पाठ मोकळी राहिली तर मागून धक्का बसल्यावर सीट मोडते आणि चांगला हार्नेसही सैल पडतो.

हार्नेसमध्ये सहा-पॉइंट, कॅम लॉकवाला घेतलेला बरा. पाच-पॉइंट स्वस्त असतो, पण मांड्यांमधला एकच पट्टा लॅप बेल्टला तितका धरून ठेवत नाही. खांद्याचे पट्टे केजच्या आडव्या बारवर खांद्याच्या पातळीत किंवा जरा खाली बांधायचे. फ्लोअरपर्यंत नेले तर आघातात ते खांदे खाली ओढतात आणि दाब थेट मणक्यावर येतो. लॅप बेल्ट ओटीपोटाच्या हाडावर बसला पाहिजे, पोटावर नाही. बारवर गुंडाळताना तीन दांड्यांचं बक्कल बारला अगदी लागून ठेवा आणि पट्ट्याचं टोक पुन्हा मागे ओवून घ्या. ही शेवटची ओवण राहिली तर पट्टा हाताने ओढून घट्ट वाटतो आणि खऱ्या झटक्यात सरळ निसटतो. एसएफआयच्या पट्ट्यांची मुदत दोन वर्षं, तीही बनवल्याच्या तारखेपासून. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर गाडी पळवण्यासाठी भारतात माल मागवणार असाल, तर पैसे भरण्याआधी टॅगचा फोटो मागा. दुकानात वर्षभर पडलेल्या पट्ट्याचं निम्मं आयुष्य संपलेलं असतं.

हॅन्स (डोकं आणि मान धरून ठेवणारं उपकरण) नियमात सक्तीचं असो वा नसो, घ्याच. मिशिगन स्टेट विद्यापीठातले रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, रेसर जिम डाउनिंग यांनी ते विकसित केलं. शरीर पट्ट्यांनी अडतं, डोकं पुढे जात राहतं आणि कवटीचा तळ तुटतो. हॅन्स नेमकं तेच रोखतं. फोमची गळपट्टी त्याची जागा घेऊ शकत नाही. हेल्मेट स्नेल या चाचणी संस्थेच्या एसए मानांकनाचं हवं. मोटारसायकलच्या एम मानांकनात आगीची चाचणीच नसते.

आगरोधक सूटच्या बाबतीत आकडे नीट वाचा. एसएफआय ३.२ए/१ मध्ये दुसऱ्या दर्जाचं भाजणं सुमारे ३ सेकंदांत होतं, /५ मध्ये १० आणि /१५ मध्ये ३०. केजमधून पट्टा सोडून, खिडकीची जाळी काढून बाहेर यायला १० सेकंद फार अपुरे आहेत. ई-८५ या इथेनॉलमिश्रित इंधनावर चालणाऱ्या टर्बो गाडीला /१५ घ्या. त्या इंधनाची ज्वाळा पेट्रोलपेक्षा फिकट असते.

ड्राइव्हलाइनकडे दुर्लक्ष फार होतं. १९७० मध्ये लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर ट्रान्समिशन फुटून ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सच्या उजव्या पायाचा काही भाग गेला, आणि त्यानंतर त्याने इंजिन ड्रायव्हरच्या मागे नेलं. तुमच्या गाडीत पाय ट्रान्समिशनशेजारीच राहणार. म्हणून एसएफआय २९.१ ची फ्लेक्सप्लेट (इंजिन आणि ट्रान्समिशनमधली चकती), तिच्यावर ३०.१ चं शील्ड, ट्रान्समिशनला ४.१ चं शील्ड आणि क्रँकशाफ्टला १८.१ चा डॅम्पर. ट्रान्समिशनवर गुंडाळायचं शील्ड फॉक्सच्या अरुंद टनेलमध्ये सोयीचं पडतं, पण तेलाने भिजलं की बदला. ड्राइव्हशाफ्ट लूप (तुटलेला शाफ्ट खाली पडू न देणारं कडं) पुढच्या यू-जॉइंटपासून ६ इंचांच्या आत, पाव इंच जाड आणि २ इंच रुंद पट्टीचा. मूळ ८.८ इंची रिअर एंडमध्ये ॲक्सल धरून ठेवणाऱ्या सी-क्लिप काढून त्यांच्या जागी सी-क्लिप एलिमिनेटर बसवा, नाहीतर ॲक्सल तुटल्यावर चाक ॲक्सलसकट बाहेर पडतं.

गाडीच्या मागचा, सगळी वीज तोडणारा मास्टर स्विच इन्स्पेक्शनला हमखास अडकतो. तो नुसती बॅटरी तोडत असेल तर अल्टरनेटर इंजिन चालूच ठेवतो. अल्टरनेटरची चार्जिंग वायर मागे नेऊन स्विचच्या बॅटरीकडच्या पोस्टला जोडा. मग एकाच दाबाने दोन्ही पुरवठे तुटतात. इंजिन चालू ठेवून तपासल्याशिवाय ट्रॅकवर जाऊ नका.

पॅराशूट स्ट्राउड, सिम्पसन किंवा डीजे सेफ्टीचं, गाडीच्या वजनाला आणि वेगाला कंपनी सांगेल त्या मापाचं. ओढ गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीवर यावी. व्ही-८ मध्ये कॅमशाफ्टची उंची हा ढोबळ अंदाज चालतो. माउंट खाली लागलं तर मागची चाकं हलकी होऊन गाडी वळवळते, फार वर लागलं तर नाक उचलतं. माउंट बंपरला नको, चासीला हवं. केबलला तीव्र वळण देऊ नका आणि सीटवर पट्टे पूर्ण आवळून बसल्यावर लीव्हरपर्यंत हात पोहोचतो का ते पाहा. पॅराशूट ओलं झालं असेल तर पूर्ण वाळवून मगच घडी घाला.