ग्लूटेन सोडायचं का? बातमीतलं उत्तर आणि तपासणीतलं उत्तर

जेवण झालं की पोट टम्म फुगायचं, दुपारी डोळे मिटायला लागायचे. अशातच एक लेख वाचनात आला आणि मी गहू बंद केला. पाच आठवडे कडकडीत पाळलं, बरंही वाटलं. मग उशिरा का होईना, डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलं विचारलं, "सध्या गहू खाताय ना?" मी अभिमानानं "नाही" म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग परत सुरू करा आणि काही आठवड्यांनी या. आत्ता रक्त तपासलं तर रिपोर्ट नॉर्मल येईलही, पण त्याला अर्थ नसेल."

मी वाचलेल्या लेखात एवढी एक ओळ नव्हती. ग्लूटेन सोडायचं की नाही अशा विचारात तुम्ही असाल, तर माध्यमं काय सांगतात आणि दवाखान्यात काय कळतं हे शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे शब्द एकच असला तरी प्रश्न वेगळे असतात.

आधी थोडं मूळ. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतली काही प्रथिनं म्हणजे ग्लूटेन. सिलिअ‍ॅक आजारात या प्रथिनांमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावरचे बारीक उंचवटे झिजतात, अन्नरस नीट शोषला जात नाही, रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो आणि त्यातल्या अनेकांना त्याचा पत्ताच नसतो. यावर गोळी नाही. ग्लूटेन आयुष्यभर बंद, हाच उपचार. हे उमगलं ते विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञामुळे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, ब्रेड मिळेनासा झाला, तेव्हा त्यांच्याकडची ही आजारी मुलं सुधारली. युद्धानंतर ब्रेड परत आला तशी पुन्हा खालावली. १९५० च्या प्रबंधात डिकेंनी गव्हावर बोट ठेवलं.

माध्यमांतली सगळ्यात लोकप्रिय गोष्ट मात्र आजाऱ्याची नसते, जिंकणाऱ्याची असते. टेनिसपटू नोव्हाक जोकोविचनं २०१० मध्ये ग्लूटेन सोडलं आणि २०११ मध्ये तीन ग्रँड स्लॅम जिंकली. यावर किती रकाने भरले त्याला गणती नाही. त्यानं स्वतः सांगितलेला निदानाचा प्रसंग ऐकण्यासारखा आहे: डॉक्टरनं ब्रेडचा तुकडा त्याच्या पोटाला लावायला सांगितला, दुसरा हात खाली दाबला आणि हाताचा जोर कमी पडला. झालं निदान! खेळाडू म्हणून तो थोरच, पण या चाचणीला वैद्यकात काडीचा आधार नाही. सिलिअ‍ॅकची खरी पहिली पायरी म्हणजे रक्तातल्या टीटीजी-आयजीए या प्रतिपिंडाची तपासणी. सोबत एकूण आयजीए, म्हणजे या जातीची सगळी प्रतिपिंडं, मोजतात, कारण ते मुळातच कमी असेल तर पहिला आकडा फसवतो. मग एंडोस्कोपीत लहान आतड्याचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. हे सगळं ग्लूटेन खात असतानाच करायचं. सोडलं की प्रतिपिंडं उतरतात, आतडं भरून यायला लागतं आणि पुरावाच पुसला जातो.

'सोडलं आणि बरं वाटलं' या अनुभवांना मी खोटं म्हणणार नाही, मलाही वाटलंच होतं. पण गहू सोडताना केक, बिस्किटं, रात्री उशिराचा पिझ्झाही सुटतो. आणखी एक गोष्ट नकळत सुटते, ती म्हणजे फ्रुक्टान नावाची गव्हातली एक शर्करा. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं. इथूनच संशोधनाच्या बातम्यांचा खरा घोळ सुरू होतो, म्हणून जरा थांबतो.

२०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात पीटर गिब्सन यांच्या गटानं सिलिअ‍ॅक नसलेले, पण ग्लूटेनचा त्रास होतो असं सांगणारे ३४ जण घेतले. काहींना ग्लूटेन घातलेला ब्रेड आणि मफिन, काहींना तसाच दिसणारा बिनग्लूटेनचा. ग्लूटेनवाल्या गटात ६८ टक्के लोकांनी त्रास आटोक्यात नसल्याचं सांगितलं, दुसऱ्या गटात ४० टक्क्यांनी. 'सिलिअ‍ॅक नसला तरी ग्लूटेन बाधतं' या म्हणण्याला इथून बळ मिळालं. त्याच गटानं २०१३ मध्ये ३७ जणांवर अधिक काटेकोर प्रयोग केला. आधी सगळ्यांच्या आहारातून फॉडमॅप, म्हणजे आतड्यात आंबून गॅस करणाऱ्या काही शर्करा, कमी केल्या; मग ग्लूटेन दिलं. ग्लूटेनचा असा वेगळा परिणाम दिसला जेमतेम ८ टक्के लोकांत. आता मथळे उलटले: ग्लूटेनचा त्रास असा काही नसतोच!

दोन्ही मथळे अर्धवट. दुसऱ्या प्रयोगानं लोकांचा त्रास नाकारला नव्हता, आरोपी बदलला होता. २०१८ मध्ये ऑस्लोमधल्या अभ्यासात ते आणखी स्पष्ट झालं. स्वतःहून ग्लूटेन सोडलेल्या ५९ जणांना ओळखू न येणारे बार आठवडा-आठवडा दिले: एकात ग्लूटेन, एकात फ्रुक्टान, एकात दोन्ही नाही. पोट जास्त फुगलं ते फ्रुक्टाननं. ग्लूटेनचा बार आणि रिकामा बार यांत फरक निघाला नाही. फ्रुक्टान ही फॉडमॅपपैकीच एक शर्करा. कांद्यात आणि लसणातही ती भरपूर. म्हणजे एखादा माणूस महागडा ग्लूटेनमुक्त ब्रेड आणून त्यावर कांदा घालत असेल, तर त्याचं पोट का शांत होत नाही हे कुठलाच मथळा त्याला सांगणार नाही.

इंग्लंड आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तर अपेक्षेचाच प्रयोग केला. ब्रेडमध्ये ग्लूटेन आहे असं काहींना सांगितलं, काहींना नाही असं सांगितलं. आणि खरोखर घातलं ते दोन्हीकडच्या फक्त काहींच्या ब्रेडमध्ये. सांगितलंही आणि दिलंही, त्यांना सर्वाधिक त्रास. न सांगता दिलं, त्यांना बराच कमी. त्रास होईल या अपेक्षेनंच त्रास होणं, याला नोसिबो म्हणतात. मला यात गंमत अशी वाटते की ही अपेक्षा माणसाच्या डोक्यात भरवतं कोण, तर बहुतेक वेळा बातमीच. आजाराचं वर्णन करता करता ती त्याला थोडा हातभारही लावते.

मग हवा फिरली. २०१७ हे साल ग्लूटेनमुक्त आहाराला झोडपण्याचं. 'ग्लूटेन सोडल्यानं मधुमेहाचा धोका' ही बातमी आठवत असेल. तिच्यामागे हार्वर्डच्या संशोधकांनी एका परिषदेत मांडलेली जवळपास २ लाख लोकांची आकडेवारी होती. सर्वाधिक ग्लूटेन खाणाऱ्या पाचव्या हिश्श्यात मधुमेहाचा धोका १३ टक्के कमी दिसला. पण ही माणसं ग्लूटेनमुक्त नव्हतीच, कमी-जास्त ग्लूटेन खाणारी होती. कमी खाणाऱ्यांच्या पोटात धान्यातला तंतूही (फायबर) कमी जात होता. निरीक्षणातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही.

त्याच वर्षी आर्सेनिकची बातमी आली. ग्लूटेनमुक्त खाणाऱ्या अमेरिकनांच्या लघवीत आर्सेनिक जवळजवळ दुप्पट आणि रक्तात पारा ७० टक्के जास्त. आकडे खरे, शक्यता पटण्याजोगी, कारण गव्हाची जागा बहुतेकदा तांदळाचं पीठ घेतं आणि भात जमिनीतलं आर्सेनिक ओढून घेतो. पण ७,४७१ लोकांत ग्लूटेनमुक्त खाणारे होते फक्त ७३, आणि त्यांची तब्येत बिघडली असं या अभ्यासात कुठेही नव्हतं. रोज एकाच धान्यावर राहू नका, एवढा बोध त्यातून घ्यावा.

तिसरा अभ्यासही २०१७ चाच, पण त्याच्या बातमीत मसाला कमी. सिलिअ‍ॅक नसलेल्या सुमारे १ लाख १० हजार अमेरिकन आरोग्य कर्मचाऱ्यांचा २६ वर्षं मागोवा घेतला. ग्लूटेन कमी खाल्ल्यानं हृदयविकार कमी झाला नाही. ज्याला काहीच तक्रार नाही आणि 'आरोग्यासाठी' सोडायचं मनात आहे, त्यानं वाचावा तो हा.

आता टिंगल. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या जिमी किमेलच्या विनोदी टीव्ही कार्यक्रमात ग्लूटेन टाळणाऱ्या लोकांना रस्त्यावर गाठून 'ग्लूटेन म्हणजे काय?' असं विचारलं आणि त्यांना सांगता येईना. मीही हसलो. फॅड आहे हे आकड्यांतही दिसतं: अमेरिकेत २००९ ते २०१४ या काळात सिलिअ‍ॅकचं प्रमाण ०.७ टक्क्यांच्या आसपासच राहिलं, पण सिलिअ‍ॅक नसताना ग्लूटेन टाळणारे ०.५ वरून १.७ टक्क्यांवर गेले. तरी चमत्काराच्या गोष्टीपेक्षा मला ही टिंगल जास्त खटकते. तिचा फटका नेमक्या त्या शंभरातल्या एकाला बसतो. 'ग्लूटेनमुक्त' लेबलासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे, म्हणजे दहा लाख भागांत वीस. त्याच सुरीनं आधी साधा ब्रेड कापला तरी रुग्णाला महागात पडू शकतं. "तुमचंही ते नवीन डाएट का?" हे हसत विचारणारा माणूस सुरी धुवायला उठत नाही.

एकदा दोन पुडे शेजारी धरून बघा. साध्या बिस्किटावर गव्हाचं पीठ, साखर, तेल. माझ्या हातात आलेल्या ग्लूटेनमुक्त बिस्किटावर मक्याचं स्टार्च, तांदळाचं पीठ, साखर, पाम तेल, झँथन गम. शेवटचा पदार्थ ग्लूटेनचं काम करतो, पीठ धरून ठेवतो. तंतू आणि प्रथिनं बघाल तर असल्या पदार्थांत ती बऱ्याचदा कमीच निघतात. वरचं हिरवं पान आणि 'मुक्त' हा शब्द मात्र डोळ्यांत भरतो.

म्हणून माझा कौल असा. सतत जुलाब, वजन घटणं, औषध घेऊनही न हटणारा रक्तक्षय, जवळच्या नात्यात सिलिअ‍ॅक, यातलं काही असेल तर ग्लूटेन खाणं चालू ठेवून आधी तपासणी. आधीच सोडलं असेल आणि परत खाणं नको वाटत असेल, तर एचएलए ही जनुकीय तपासणी न खाताही होते. तिच्यात डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकांची रूपं दोन्ही नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ बाद. एखादं असेल तर काहीच सिद्ध नाही, कारण साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांत ती असतातच. गव्हाची अ‍ॅलर्जी हे वेगळं प्रकरण, तीही विचारून घ्या. सगळं नकारार्थी आलं आणि त्रास तसाच राहिला, तर आहारतज्ज्ञाच्या मदतीनं फ्रुक्टान कमी करून, मग एकेक पदार्थ परत आणून बघा. कुठलीच तक्रार नसेल तर सोडून हाती काही लागत नाही.

मी परत गहू सुरू केला, सहा आठवडे पोट धरून काढले आणि तपासणी केली. रिपोर्ट निगेटिव्ह. रात्रीचा कच्चा कांदा बंद केल्यावर पोट बरंचसं गप्प बसलं. गहू चालू आहे.