सीएफआरएनची तयारी: सात महिने क्वेश्चन बँक आणि अँकी वापरल्यानंतरचा अनुभव

सीएफआरएन म्हणजे हेलिकॉप्टर-विमानातून पेशंट नेणाऱ्या फ्लाइट नर्सची परीक्षा. मार्चमध्ये क्वेश्चन बँकचे (सरावाच्या प्रश्नांच्या ॲपचे) पैसे भरले, ऑक्टोबरमध्ये परीक्षा दिली आणि पास झाले. पहिल्या पंधरा दिवसांत लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते, जूनमध्ये लिहिलं असतं तर दोन. आता सगळं होऊन गेलंय तर नीट सांगते, कारण आपल्याकडच्या बऱ्याच नर्स मुली इथे अमेरिकेत आयसीयूत आहेत आणि फ्लाइटला जायची इच्छा असूनही सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही म्हणून राहून जातं.

आधी माझ्याबद्दल. नर्सिंग मिरजेत, मग पुण्यात आयसीयूत चार वर्षं, आता डेन्व्हरला कार्डियाक आयसीयूत नाइट ड्युटी. अमेरिकेत हॉस्पिटलने चालवलेली पहिली हेलिकॉप्टर सेवा याच डेन्व्हरमध्ये १९७२ साली सुरू झाली, फ्लाइट फॉर लाइफ, सेंट अँथनी हॉस्पिटलची. पहाटे तीनला डोंगरातल्या गावातून पेशंट घेऊन हेलिकॉप्टर उतरतं आणि दोन माणसं शांतपणे स्ट्रेचर ओढत येतात, तीन ओळींत हँडओव्हर देतात आणि निघून जातात. मला ते काम करायचंय, खूप मनापासून करायचंय, म्हणून हा सगळा खटाटोप.

परीक्षा बीसीईएन ही अमेरिकेतली नर्सना सर्टिफिकेट देणारी संस्था घेते. १७५ प्रश्न, तीन तास, त्यातले १५० मोजतात आणि २५ ट्रायलचे असतात पण कुठले ते कळत नाही, त्यामुळे सगळेच जीव लावून सोडवायचे. प्रश्नाला जेमतेम एक मिनिट येतं. आरएनचं, म्हणजे नोंदणीकृत नर्सचं, लायसन्स लागतं, दोन वर्षांचा अनुभव असावा अशी शिफारस आहे पण सक्ती नाही. सर्टिफिकेट चार वर्षं चालतं. पॅरामेडिक (ॲम्ब्युलन्सवर उपचार करणाऱ्या) लोकांची एफपी-सी ही वेगळी परीक्षा आहे, अभ्यास बराचसा सारखाच.

आता क्वेश्चन बँक. नाव लिहीत नाही, कारण तक्रारी आहेत आणि माझ्याच अकाउंटला झालेल्या गोष्टी सगळ्यांना होतील असं नाही. पहिले दोन महिने रोज ड्युटीवरून आल्यावर झोपायच्या आधी ४० प्रश्न. सुरुवातीला ५८ टक्के यायचे, मेअखेर ८१ वर गेले आणि मला वाटलं झालं आता, ऑगस्टमध्येच देऊन टाकू परीक्षा. पण खरं काय झालं होतं तर प्रश्न ओळखीचे झाले होते. पहिली ओळ वाचली की उत्तराचा पर्याय डोळ्यासमोर यायचा, का ते सांगता यायचं नाही.

हे कळलं कसं ते सांगते. सांगलीहून आणलेलं भडंगाचं पाकीट इथे आलं की उशीसारखं फुगतं, आणि व्हिडिओ कॉलवर आईला ते दाखवत होते. म्हटलं बघ, उंचीवर बाहेरचा दाब कमी झाला की आतली हवा पसरते, ८ हजार फुटांवर साधारण सव्वापट-दीडपटीच्या मधे जाते आणि १८ हजार फुटांवर दाब निम्मा होतो म्हणून हवा दुप्पट. असंच पेशंटच्या श्वासनलिकेतल्या ट्यूबच्या कफचं (ट्यूबभोवतीच्या हवा भरलेल्या छोट्या फुग्याचं) होतं, तो फुगतो आणि आतली नाजूक त्वचा दाबली जाते, म्हणून वर जाताना त्यातली थोडी हवा काढायची. आई म्हणाली, "आणि खाली उतरताना गं? काढलेली हवा परत भरत न्हाईसा काय? सैल पडंल की ते." मी गप्पच झाले. बरोबर होतं तिचं. वर हवा काढली आणि उतरताना भरली नाही तर कफ ढिला पडतो, बाजूने हवा गळते, पोटातलं फुप्फुसात जायची भीती, व्हेंटिलेटर अलार्म देत बसतो. कफचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याएवढा ठेवायचा हे मी शंभरदा टिक केलं होतं, पण ते दोन्ही वाटांना बघायचं असतं हा विचार डोक्यात आलाच नव्हता, कारण क्वेश्चन बँकेतले सगळे प्रश्न वर जातानाचे होते.

त्या दिवसापासून पद्धत बदलली. रोज ४० ऐवजी १५ प्रश्न, आणि प्रत्येकाचं कारण मोठ्याने मराठीत सांगायचं, समोर कोणी असो नसो. नवरा आयटीत आहे, त्याला वैद्यकीय काही कळत नाही आणि तेच फार उपयोगी पडलं, कारण तो "म्हणजे?" विचारायचा. तीन वेळा "म्हणजे?" झेललं की मगच कार्ड करायचं असा नियम केला.

कार्ड म्हणजे अँकी, फ्लॅशकार्डांचं ॲप. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर एकदाच पैसे भरावे लागतात, मी भरले आणि अजिबात वाईट वाटलं नाही. जे कार्ड चुकतं ते लवकर परत येतं, जे येतं ते लांबत जातं. आधी मी कुणीतरी केलेला तयार डेक उतरवून घेतला, दोन हजारांवर कार्डं, तीन आठवड्यांत साडेचारशे कार्डं साठली आणि उघडायचीच बंद झाले. तो डिलीट केला. स्वतः केलेली शेवटी सातशेच्या आसपास झाली आणि तीच कामाला आली. कफवाल्या कार्डावर आता दोन ओळी आहेत: चढताना काढ, उतरताना भर. दुसरी ओळ आईची.

वायूंचे नियम या परीक्षेत चुकवता येत नाहीत. बॉइलचा, म्हणजे दाब कमी झाला की हवा पसरते तो, वर झाला. त्याच कारणाने छातीत अडकलेली हवा उड्डाणाआधी चेस्ट ट्यूब घालून काढायची, पोट फुगू नये म्हणून नाकातून नळी टाकायची. हेन्रीचा नियम म्हणजे दाब कमी झाला की द्रवात विरघळलेला वायू बुडबुडे होऊन बाहेर येतो, सोड्याची बाटली उघडल्यासारखं, म्हणून खोल पाण्यातून घाईने वर आलेल्या पाणबुड्याला न्यायचं तर शक्य तेवढं खालून उडायचं किंवा केबिनचा दाब जमिनीएवढा ठेवायचा. आणि डाल्टन. हवेत ऑक्सिजन कुठेही २१ टक्केच असतो, पण एकूण दाबच कमी म्हणून त्याचा वाटा कमी: समुद्रसपाटीला १६० मिलिमीटर पारा, ८ हजार फुटांवर ११९ च्या आसपास.

माझी सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. क्वेश्चन बँकेत ऑक्सिजनचं गणित नेहमी ७६० मिलिमीटर हवेच्या दाबापासून सुरू व्हायचं, म्हणजे पेशंट कायम समुद्रकिनाऱ्यावरच. आपल्या महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक कळसूबाई, १६४६ मीटर, आणि डेन्व्हर शहरच १६०९ मीटरवर वसलंय, म्हणजे मी रोज जवळजवळ कळसूबाईवर ड्युटी करते. इथे दाब ६३० च्या आसपास असतो. आता बघा, पेशंट ४० टक्के ऑक्सिजनवर आहे आणि १० हजार फुटांवर न्यायचंय, तिथला दाब ५२३. समुद्रसपाटीवरून निघाला तर ४० गुणिले ७६० भागिले ५२३, म्हणजे ५८ टक्के लागेल. डेन्व्हरहून निघाला तर ४० गुणिले ६३०, भागिले ५२३, म्हणजे ४८ पुरेल. दहा टक्क्यांचा फरक, आणि डोंगरात लांबचा प्रवास असला की सिलिंडर पुरेल का नाही ते यावरच ठरतं. सूत्र पाठ होतं पण "पेशंट आत्ता कुठे आहे" हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय नव्हती. ही सवय मला कामावरच्या एका फ्लाइट पॅरामेडिकने लावली. तो एफपी-सीची तयारी करत होता, दर रविवारी एक तास आम्ही एकमेकांना केस द्यायचो, तोंडी, कागद नाही. सात महिन्यांतलं सगळ्यात उपयोगी काय म्हणाल तर हा रविवारचा तास, आणि त्याला एक पैसा लागला नाही.

बलून पंप म्हणजे महाधमनीत बलून फुगवून-सोडून कमजोर हृदयाला मदत करणारं मशीन. त्याचं मला वाटलं होतं की आपलाच विषय, रोज बघतो. पण आयसीयूत पंप बिघडला की दुसरा ढकलत आणतात, हवेत दुसरा कुठून आणणार? पंप बंद पडला तर बलून आत तसाच पडू द्यायचा नाही, अर्ध्या तासाच्या पुढे तर अजिबात नाही, त्यावर गुठळी धरते. सिरिंजने दर काही मिनिटांनी हाताने फुगवून सोडायचा. नळीत गंजासारखे तपकिरी कण दिसले तर बलून फाटलाय, ताबडतोब थांबवायचं. आत हेलियम असतो आणि तोही बॉइलचाच, त्यामुळे चढताना-उतरताना मशीनकडे लक्ष. आणि बलून फुगण्या-सुटण्याच्या टायमिंगच्या चार चुका वेव्हफॉर्मवर (रक्तदाबाच्या आलेखावर) ओळखाव्या लागतात, त्यातल्या लवकर फुगणं आणि उशिरा रिकामं होणं या दोन जास्त घातक, कारण हृदयाला फुगलेल्या बलूनवर जोर लावून रक्त ढकलावं लागतं. आता एवढ्या महत्त्वाच्या भागाच्या आकृत्या त्या ॲपमध्ये फोनवर इतक्या पुसट की डायक्रोटिक नॉच (महाधमनीची झडप बंद झाल्याची आलेखातली खाच) कुठे ते दिसायचं नाही, झूम केलं की चौकोन. मी दोनदा कळवलं, आभाराचा मेसेज आला, आकृती तीच. शेवटी कार्डियाकमधल्या आमच्या सीनियर सिस्टरने कागदावर पेनाने काढून दिल्या आणि त्यांचे फोटो मी कार्डांत टाकले.

व्हेंटिलेटरचे प्रश्न मात्र त्या बँकेत खरंच चांगले होते, पैसे वसूल तिथेच झाले. उदाहरणार्थ १६० सेंटिमीटर उंचीची, ९० किलो वजनाची बाई, एआरडीएस (फुप्फुसं सुजून निकामी होणं). फुप्फुसं वजनाने वाढत नाहीत म्हणून एका श्वासात किती हवा द्यायची याचा हिशोब उंचीवरून काढलेल्या वजनाने, ते येतं ५२ किलोच्या जरा वर, गुणिले किलोमागे ६ मिली, म्हणजे ३१४ मिली. खऱ्या वजनाने गेलात तर ५४० येतं आणि तो पर्याय समोर ठेवलेलाच असतो. दम्याच्या पेशंटला श्वास सोडायला वेळ द्यायचा, डीकेएच्या (मधुमेहात रक्तात आम्ल साठलेल्या) पेशंटचा श्वासाचा रेट उगाच कमी करायचा नाही, अशा गोष्टी त्यांनी केसमधून छान घोटून घेतल्या.

सुरक्षिततेचा भाग मी जुलैपर्यंत उघडलाच नव्हता, वाटलं हे काय, कॉमन सेन्स. ही माझी चूक, तुम्ही करू नका. हेलिकॉप्टरकडे पायलटला दिसेल अशा बाजूनेच जायचं, शेपटीकडून कधीच नाही, उतार असेल तर खालच्या अंगाने, कारण वरच्या अंगाला पात्याचं अंतर कमी असतं. टेकऑफ-लँडिंगला कामाशिवाय एक शब्द नाही. कोसळलं तर ऑक्सिजन बंद, पाती थांबल्यावरच बाहेर, हेलिकॉप्टरच्या नाकासमोर सगळ्यांनी जमायचं, मग आधी निवारा, मग आग, पाणी, खाणं सगळ्यात शेवटी. इमर्जन्सी ट्रान्समीटरच्या फ्रिक्वेन्सी १२१.५ आणि ४०६ मेगाहर्ट्झ. आत इतका आवाज असतो की स्टेथोस्कोपचा उपयोग नाही, म्हणून छाती हलतेय का बघा, कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) बघा.

आणि एक नियम वाचून मी खरंच थांबले. जायचं असेल तर तिघांचा होकार लागतो, थांबवायला एकाचा नकार पुरतो. पायलट, नर्स, पॅरामेडिक, कोणीही. ज्या वॉर्डांत मी शिकले तिथे सिस्टरने "नाही" म्हणायचं म्हणजे आधी पाच मिनिटं मनातल्या मनात वाक्य जुळवायचं. इथे ते "नाही" म्हणणं कामाचाच भाग आहे, त्यावर परीक्षा घेतात. मला त्या रात्री झोप लवकर लागली नाही, चांगल्या अर्थाने.

दोन दिवसांचा एक ऑनलाइन कोर्सही केला, ठीकठाक, भाजलेले पेशंट आणि गरोदर बायकांचं चांगलं घेतलं, बाकी स्लाइड वाचून दाखवल्या. जाड पुस्तक सलग वाचायचा प्रयत्न केला आणि सोडला, अडलं की उघडायला उत्तम.

परीक्षेआधी तीन रात्री ड्युटी घेतली नाही, हे नाइटवाल्यांनी नक्की करा, माझी परीक्षा सकाळी नऊची होती आणि नाइटवालीचं डोकं त्या वेळेला झोपायला निघालेलं असतं. २३ प्रश्नांना खूण करून पुढे गेले, शेवटी १४ मिनिटं उरली, परत येऊन चार उत्तरं बदलली. क्वेश्चन बँकेपेक्षा प्रश्न लांब आणि साधे वाटले, फसवणारे कमी, पण दोन पर्याय बरोबर वाटतील असे बरेच, आणि तिथे "आधी काय करशील" हेच विचारलेलं असतं. निकाल तिथेच कळला. पार्किंगमध्ये गाडीत बसून आईला फोन लावला, तिकडे रात्रीचे बारा वाजून गेले होते, पण ती जागीच होती.

तर घ्यावी का क्वेश्चन बँक? हो, पण पहिल्या दिवशी नको. आधी दोन-तीन महिने कुणाशी तरी बोलत बोलत अभ्यास करा, कार्डं स्वतः करा, मग शेवटच्या तीन महिन्यांसाठी सदस्यत्व घ्या. मी सहा महिन्यांचं घेतलं आणि पहिले दोन महिने प्रश्न जाळून टाकले, नवे कोरे प्रश्न शेवटी हवे असताना उरले नाहीत. पैसे भरताना ऑटो रिन्यूची खूण काढायला विसरू नका, माझे सप्टेंबरमध्ये परत कापले गेले आणि परत मिळायला परीक्षा उलटून गेली. फोनवर करू नका, लॅपटॉपवर करा, आकृत्या थोड्या तरी दिसतात.

दोन ठिकाणी अर्ज केलेत. एका ठिकाणी पुढच्या महिन्यात एक दिवस बरोबर उडायला बोलावलंय, फक्त बघायला, हात लावायचा नाही. उंचीवर स्वतःच्या कानाला काय होतं ते त्या दिवशी कळेल, तेही इथेच लिहीन.