गाणी भरलेला डबा आणि त्यातलं ‘अर्थ बघा’चं बटण

दिवाळीत आईसाठी घेतला हा स्पीकर. आधीच गाणी भरलेले, जुन्या ट्रान्झिस्टरसारखे दिसणारे जे डबे मिळतात ना, त्यातलाच एक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढे तक्रारी बऱ्याच आहेत. साडेपाच हजारला पडला, ऑफर धरून. चार महिने साताऱ्याच्या घरी वापरात आहे, म्हणजे आई वापरतीये आणि शनिवार-रविवारी गेलो की मी कुरकुर करत ऐकतो.

आधी चांगलं सांगतो. आवाज छान आहे, जुन्या भावगीतांना जेवढा लागतो तेवढा. ढोलकी-ताशा लावायला गेलात तर डबा थरथरतो, पण आईला ते लावायचंच नाहीये. वरती मोठं गोल बटण आहे, ते फिरवलं की गायक बदलतो, चष्मा न लावता जमतं, हे फार महत्त्वाचं. एफेम लागतं, पेन ड्राइव्ह लागतो, रोज दुपार-संध्याकाळ गाणी लावली तर एकदाचं चार्ज दोन दिवस पुरतं. रिमोट मात्र इतका बारका दिलाय की पहिल्याच आठवड्यात तो सोफ्याच्या फटीत गेला आणि गादी काढून झाडलं तेव्हा सापडला, सोबत दोन रुपयाची तीन नाणी आणि बडीशेप.

आता मुख्य गोष्ट. या डब्याचं एक ॲप आहे फोनवर. त्यात गाणं लागलं की शब्द दिसतात आणि खाली ‘अर्थ बघा’ असं बटण आहे. मला वाटलं वा, आमच्या पोरांना मराठी गाणी कळायला बरं पडेल. तर लागलं ‘भातुकलीच्या खेळामधली’. अरुण दातेंचं. आई भाजी निवडत होती, मावशी आलेली होती मुक्कामाला, मी सहज ते बटण दाबलं आणि मोठ्यांदा वाचलं. एका ओळीत अर्थ होता, साधारण असा, की प्रेयसीच्या मृत्यूमुळे दुःखी झालेल्या राजाचं हे गीत आहे.

आईनं हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. मृत्यू? कोण मेलं? अरे तिचं लग्न ठरलंय दुसरीकडे, म्हणून चाललीये ती. तर मावशी म्हणाली नाही ताई, गेलीच ती, मी लहानपणापासून तसंच ऐकतीये. आणि मग जे सुरू झालं ते रात्री जेवणं होऊन अंथरुणं घातली तरी चालू होतं.

आईची बाजू अशी. गाण्यातली राणी स्वतःच्या तोंडानं सांगते की उद्या पहाटे वाटा वेगळ्या आणि गाव दुसरं. ‘दुज्या गावचा वारा’ हे शब्द आहेत. आई म्हणाली, मरणारं माणूस काय उद्या पहाटेची वेळ सांगून जातं होय, एसटीचं बुकिंग असल्यासारखं? दुसऱ्या गावाला कोण जायचं आपल्याकडे, लेकच जायची ना लग्न होऊन. आणि त्या काळात मुलीला कुठं विचारायचे, तिला फक्त कळवायचे. ती कळवलेली गोष्ट ती राजाला सांगतीये, एवढंच. मग दैवानं फूल तोडलं असं का म्हणलंय, तर आई म्हणाली घरच्यांनी ठरवलं की त्यालाच दैव म्हणायची पद्धत होती.

मावशीची बाजूही काही हलकी नाही हां. राणी एकटक बघतीये ते दूरच्या ताऱ्याकडे. लहान पोरांना आपण काय सांगतो, आजी चांदणी झाली म्हणूनच ना. फूल फुलायच्या आधी तोडलं जातं. आणि शेवटी जाताना राणी डोळे मिटते. डोळे मिटणं म्हणजे मराठीत काय ते वेगळं सांगायला नको. मावशीनं आणखी एक कबुली दिली, की लहानपणी ती ‘अर्ध्यावरती डाव मोडला’ हे ऐकून समजायची की भातुकलीतला वाढायचा डाव मोडला, तो पितळेचा, आणि तेवढ्यासाठी राजा-राणी का रडतात हे तिला कळायचं नाही. आम्ही सगळे इतके हसलो की आईला ठसका लागला.

इथं डब्याची दुसरी तक्रार येते. गाणं मागे-पुढे नेता येत नाही. दुसरं कडवं परत ऐकायचं तर गाणं पहिल्यापासून लावा. आम्ही त्या रात्री ते गाणं चार वेळा पूर्ण ऐकलं, भांडणाच्या पुराव्यासाठी. एका अर्थी बरंच झालं, कारण तिसऱ्या वेळेला मला असं काहीतरी ऐकू आलं जे इतकी वर्षं कानावरून गेलं होतं.

बघा, पहिल्या कडव्यात राजा काय म्हणतो. मला ‘शब्दावाचुन भाषा’ समजली म्हणतो. वर तिच्या हातावरच्या रेषा माझ्या नशिबाशी बोलतात असंही म्हणतो. म्हणजे पठ्ठ्या एकदम खुशीत आहे, आपलं जुळलंय, बोलायचीही गरज नाही. आणि त्याच क्षणी राणीच्या डोळ्यात पाणी येतं. ते पाणी हीच तर बिनशब्दांची भाषा होती! ती त्याला समजली नाही. मग तिला तोंडानं बोलावं लागतं, तारा, पहाट, दुसरं गाव, सगळं शब्दात. आणि तरीसुद्धा गाणं पुढे सांगतं की राजाला ते उशिरा कळलं. शब्दावाचून समजतं म्हणणाऱ्याला शब्द देऊनही समजलं नाही. मला तर आता हे गाणं राजाचं वाटतच नाही. राणीला सगळं पहिल्यापासून माहितीये, आणि त्याचा आनंद मोडायचं काम पण तिच्यावरच आलंय. ती मेली की लग्न होऊन गेली हा प्रश्न मग मला जरा मागचा वाटायला लागला. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली पुरुषांना उशिराच कळतं, त्यात काय शोध लावलास. मावशीनं मान हलवली. त्या दिवसातलं दोघींचं पहिलं एकमत.

अजून एक. मी मोजले, ‘का’ नं सुरू होणारे पाच प्रश्न आहेत या गाण्यात. दोन राजा विचारतो, उरलेले तीन गोष्ट सांगणाराच विचारतोय. म्हणजे सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही राणीनं डोळे का मिटले. गाण्यातच सरळ म्हणलंय की या प्रश्नाला उत्तर नव्हतं. कवी मंगेश पाडगावकरांनी उत्तर दिलं नाही, आणि या ॲपनं एका ओळीत देऊन टाकलं, शिवाय खाली अंगठ्याचं चित्र, ‘हा अर्थ उपयोगी वाटला का?’

आणि भातुकली का, हेही बघा की. भातुकलीत खरं तर राजा-राणी नसतात, आई-बाबा असतात, चूल, बोळकी, चुरमुऱ्याचा भात, गुळाचा खडा. राजा-राणी असतात गोष्टीत. कवीनं दोन्ही एकत्र केलंय, पोरांचा खोटा संसार आणि आजीची एक होता राजा वाली गोष्ट. पण आजीची गोष्ट साठा उत्तरांपर्यंत जाते आणि भातुकलीचा खेळ कोणीतरी जेवायला हाक मारली की आहे तसा टाकून उठायचा असतो, बोळकी तशीच मांडलेली. मोडलेला डाव म्हणजे ते. याचा अर्थ बटणात मावणार नाही, मला कल्पना आहे, पण मग बटण देऊ नका ना.

शेवटी ‘विराणी’ हा शब्द येतो, त्यावर ॲपमध्ये टिचकी मारली तर ‘दुःखी गाणं’ एवढंच दिसतं. अरे विराणी म्हणजे विरहाचं गाणं, आपल्याकडे ज्ञानेश्वरांपासून आहे, ‘घनु वाजे घुणघुणा’ ही विराणीच की. तिथं विरहात जळणारी बाई बोलते. इथं राणी गप्प झालीये आणि तिचं गाणं राजा म्हणायला बघतोय, श्वास कोंडलेल्या अवस्थेत. तेही गाणं वाऱ्यावर विरून जातं.

सगळ्यात राग आलाय तो वेगळ्याच गोष्टीचा. डब्यावर, ॲपमध्ये, सोबतच्या छापील यादीत, कुठेही कवीचं आणि संगीतकाराचं नाव नाही. फक्त गायक. या गाण्याला चाल यशवंत देवांची. ज्या माणसानं ‘शब्दप्रधान गायकी’ नावाचं पुस्तक लिहिलं, गाण्यात शब्द आधी असं ज्यानं आयुष्यभर सांगितलं, त्याच्याच गाण्यावर शब्द कुणाचे हे लिहायला जागा नाही. अरुण दाते गातातही तसेच, रडका सूर लावत नाहीत, शेजारी बसून झालेली गोष्ट सांगावी तसं सांगतात. इंदूरचा हा माणूस, शिक्षणानं टेक्स्टाइल इंजिनियर. २०१८ च्या मे महिन्यात दाते गेले आणि ऑक्टोबरात देव. पाडगावकर त्याआधीच, २०१५ च्या डिसेंबरात.

याच तिघांची ‘या जन्मावर’ आणि ‘दिवस तुझे हे फुलायचे’ पण आहेत. डब्यानं ती ‘आनंदी’ मध्ये टाकलीत आणि भातुकली ‘विरह’ मध्ये. त्यामुळे ती पाठोपाठ कधी लागतच नाहीत. आम्ही पेन ड्राइव्हवर भरून लावली पाठोपाठ, तर एकात फुलायचे दिवस आणि दुसऱ्यात फुलण्याआधीच तोडलेलं फूल, शब्द त्याच कवीचे आणि आवाजही तोच. मावशी म्हणाली हे असं का नाही देत डब्यातच.

कस्टमर केअरला मेल केला होता, की कवी-संगीतकारांची नावं टाका आणि तो एका ओळीतला अर्थ काढून टाका. उत्तर आलं की तुमचा अभिप्राय संबंधित टीमला कळवला आहे. दोन महिने झाले. परवा बघितलं तर अर्थ बदललाय, आता लिहिलंय ‘बालपणीच्या आठवणींचं गोड गीत’. आई आणि मावशी फोनवर यावर पुन्हा तासभर बोलल्या.

घ्यावा का? घरी वयस्कर माणूस असेल, हातात फोन धरून गाणी शोधणं जमत नसेल तर घ्या, त्या गोल बटणासाठी घ्या. पूर्ण किमतीला घेऊ नका, सणाला उतरतो. पाचपैकी तीन स्टार, त्यातला एक आवाजाचा. रिमोटला दोरी बांधा. आणि ॲप टाकलंच तर सेटिंगमध्ये ‘भाषा’च्या खाली तिसरा पर्याय आहे, तिथून ‘अर्थ बघा’ बंद करता येतं.