कॉन्व्हेंट की मिशनची मराठी शाळा? मुलीच्या दोन्ही शाळा पाहिल्यानंतर

गेल्या महिन्याभरात तीन ओळखीच्यांनी एकच प्रश्न विचारला. पोरगी पहिलीत घालायची आहे, कॉन्व्हेंट बघू की मिशनची जुनी मराठी शाळा? आमच्या गावात दोन्ही आहेत, जेमतेम किलोमीटरभराच्या अंतरावर. माझी मुलगी चौथीपर्यंत कॉन्व्हेंटला होती, पाचवीपासून मिशनच्या मराठी शाळेत आहे आणि यंदा आठवीत गेली. फी, रिक्षा, गणवेश, मैदान याची चौकशी तुम्ही आधीच केलेली असणार, म्हणून त्यात शिरत नाही. आत गेल्यावर काय घडतं तेवढंच लिहितो. अनुभव एका मुलीचा आहे, तो सगळ्यांना लागू पडेलच असं नाही.

आधी धर्माचं बोलून टाकतो, कारण आमच्या घरात पहिली शंका तीच निघाली होती. आम्ही हिंदू. माझ्या आईला धास्ती होती की नात क्रूस घालून घरी येईल. तसं काही झालं नाही, दोन्हीकडे नाही. कॉन्व्हेंटमध्ये कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाच्या तासाला वेगळ्या वर्गात जायची आणि बाकीच्यांना मूल्यशिक्षणाचा तास असायचा. खरं बोलणं, आजाऱ्याला भेटायला जाणं, डबा वाटून खाणं, अशा गोष्टी. मराठी शाळेत परिपाठाला राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि एक प्रार्थना होते. नाताळाच्या आधी पेटी-तबल्यावर ख्रिस्ती भजनं बसवतात, चाल थेट आपल्या अभंगाची. माझी आई स्नेहसंमेलनाला पहिल्या रांगेत बसून टाळी धरते. तरीही कुणाला शंका असेल तर राज्यघटनेचं कलम २८(३) वाचा. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. प्रवेशाच्या वेळी स्पष्ट विचारा, दोन्ही शाळा स्पष्ट उत्तर देतात.

कॉन्व्हेंटबद्दल मनापासून चांगलं सांगण्यासारखं खूप आहे. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सिस्टर फाटकात उभ्या असत आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला नावाने हाक मारत. एकदा मुलीला कांजिण्या झाल्या तर दोन आठवड्यांचा अभ्यास त्यांनी स्वतः वहीत उतरवून पाठवला. अक्षर तिथे घडलं. ग्रंथालयाचा तास कधी बुडाला नाही. चार वर्षांत कुणी तिच्यावर हात उगारला नाही. स्टेजवर उभं राहून चार वाक्यं धीटपणे म्हणायला ती तिथेच शिकली, आणि ते आजही तिच्या कामी येतं.

मग शाळा बदलली का? एका गोष्टीमुळे. ती गोष्ट मला समजायला दोन वर्षं लागली.

मुलगी प्रश्न घरी आणायची. आधी वाटलं, छान आहे, चौकस आहे. तिसरीत असताना एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, चिंचेची पानं रात्री मिटतात ती का?" आमच्या दारात चिंचेचं झाड आहे, तिने ते पाहिलेलं. मी म्हटलं, वर्गात विचार ना, तुमचा वनस्पतींचाच धडा चाललाय. ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मिटणं इंग्लिशमध्ये कसं म्हणायचं?" मी सांगितलं. तिने कागदावर वाक्य लिहून घेतलं, दोनदा मोठ्याने म्हटलं आणि कागद कंपासपेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी विचारलंच नाही. तिसऱ्या दिवशी हात वर केला, पण मिसनी नाव घेईपर्यंत वाक्य विसरली आणि मे आय ड्रिंक वॉटर म्हणून मोकळी झाली. चौथ्या दिवशी धडा संपून पुढचा लागला होता. कागद बरेच दिवस त्या कंपासपेटीतच होता.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागलो. वह्या उघडून बघितल्या तर सगळी उत्तरं बरोबर आणि सगळी फळ्यावरची. एका घटक चाचणीत तिने एक उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहिलं होतं, मोडक्या इंग्रजीत, पण अर्थाला अगदी नेमकं. त्यावर लाल रेघ होती आणि शेजारी वहीतलं मूळ वाक्य पुन्हा लिहायची सूचना. मिसना मी दोष देत नाही. साठ मुलांचा वर्ग, बहुतेकांच्या घरी इंग्रजी नाही. अशा वर्गात शिकवणाऱ्याला पाठांतर हाच आधार वाटतो. पण संध्याकाळी सात ते नऊ आमच्या घरी शाळेची दुसरी पाळी भरायची. धडा मी मराठीत समजावायचा, तिने समजून घ्यायचा, मग त्याचं इंग्रजी उत्तर पाठ करायचं. एक दिवस मला कामावरून यायला उशीर झाला तर ती पुस्तक मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसलेली. त्या दिवशी मला कळलं की शिकवणं सगळं घरी होतंय आणि शाळेत जाऊन ती ते फक्त म्हणून दाखवते.

पाचवीत मराठी शाळेत घातली. पहिल्या पंधरवड्यातच तिने बाईंना तो चिंचेचा प्रश्न विचारला. दोन वर्षं तो तिने सांभाळून ठेवला होता! बाईंनी उत्तर दिलं नाही. म्हणाल्या, "पानं किती वाजता मिटतात ते आठवडाभर बघून लिहून आण." ज्यांच्या घराजवळ चिंच नाही त्यांना शिरीष नाहीतर लाजाळू बघायला सांगितली. मुलीच्या वहीत पेन्सिलीने आखलेला तो तक्ता अजून आहे. सोमवारी ६ वाजून ४० मिनिटं, मंगळवारी ६ वाजून ३५, बुधवारी ढग होते म्हणून लवकर. खाली तिचा स्वतःचा अंदाज, आणि त्याखाली बाईंचा शेरा: "उजेडाचा संबंध बरोबर. मग दिवसा अंधाऱ्या खोलीत ठेवलं तर?" घरची दुसरी पाळी त्यानंतर हळूहळू बंद झाली. आता ती संध्याकाळी खेळायला जाते.

मिशनच्या शाळेत मराठी ही काही तडजोड नाही, उलट तीच त्यांची जुनी रीत आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली. पुढे अहमदनगरला याच मिशनच्या मिस फॅरार मुलींना शिकवत. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फॅरारबाईंकडेच घेतले. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेतले. शेताच्या बांधावरच्या मुलीपर्यंत पोचायचं तर तिच्या बोलीतच पोचावं लागेल, हे त्या काळच्या मिशनऱ्यांना कळलेलं होतं. आमच्या शाळेतल्या बाईंच्या शिकवण्यात मला तोच धागा दिसतो.

उणिवा आहेत आणि त्या लपवत नाही. इमारत जुनी, पावसाळ्यात व्हरांड्यात बादल्या लागतात. शाळा अनुदानित असल्यामुळे शिक्षकांचा पगार सरकारकडून येतो, म्हणून एक शिक्षक निवृत्त झाले की जागा भरायला कधी कधी वर्ष जातं. सहावीत एक अख्खं सत्र गणिताला शिक्षक नव्हते. मुख्याध्यापकांनी स्वतः तास घेतले, पण ते पुरले नाहीत. संगणक मोजकेच आहेत. इंग्रजीचं म्हणाल तर पाचवीपासून सेमी आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. वाचून तिला सगळं कळतं, लिहिते नीट, बोलताना मात्र अजून अडखळते. तिच्या कॉन्व्हेंटमधल्या मैत्रिणी अडखळत नाहीत. हा फरक खरा आहे आणि तुमच्यासाठी तोच मोठा असू शकतो.

वर्गात कोण बसतं हेही पाहा. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांतून कॉन्व्हेंटला प्रवेश मिळेल या आशेवर कुणी असेल तर थांबा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना, म्हणजे कॉन्व्हेंटलाही, त्या कायद्यातून वगळलं आहे. परिणामी तिथे साधारण एकाच थरातली मुलं दिसतात. मराठी शाळेत माझ्या मुलीच्या बाकावर एक ऊसतोड कामगाराची मुलगी आहे आणि एक डॉक्टरांची. आठवीपर्यंत शाळेत पोषण आहार मिळतो, तिघी एका ओळीत बसून खिचडी खातात. ऊसतोडीच्या हंगामात पहिली मुलगी दोन महिने दिसली नाही तेव्हा या दोघींनी तिच्यासाठी वह्या उतरवून ठेवल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

तुमची नोकरी बदलीची असेल, घरात दोघंही सहज इंग्रजी बोलत असाल, किंवा पुढे मुलांना परराज्यात न्यायचं असेल, तर कॉन्व्हेंट चांगलीच निवड आहे, आणि तिथल्या सिस्टरांसारखी माया दुसरीकडे मिळेलच असं नाही. घरात मराठी असेल आणि संध्याकाळी मुलाशेजारी बसायला कुणी नसेल तर माझा कल तुम्हाला कळलाच असेल. ठरवायच्या आधी दोन्हीकडे अर्धा तास वर्गाच्या खिडकीबाहेर उभे राहा, परवानगी मागितली तर देतात. बाईंनी प्रश्न विचारल्यावर किती हात वर होतात ते सगळेच बघतात. तुम्ही बाईंना प्रश्न विचारायला किती हात वर होतात ते मोजा.

धाकट्याची पहिली येत्या जूनला आहे. त्याच्यासाठी आम्ही एकच अर्ज आणला आहे, मिशनच्या मराठी शाळेचा.